पहिली मोटारसायकल घेताना खाली वाकून बघा

संपादक महोदय,

सणासुदीला आपल्या अंकात दुचाकींच्या जाहिराती पान भरभरून येतात. त्यांत एक किंमत ठळक असते, महिन्याचा हप्ता त्याहून ठळक, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’. कॉलेजात जाणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरासाठी पहिली गाडी घेणारे घर या दोन आकड्यांवर निर्णय घेऊन मोकळे होते. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाडी किती महाग पडणार हे मात्र खारी हवा आणि चढउतारही ठरवतात. शोरूममध्ये त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

आधी वजन. नवशिक्याची गाडी बहुतेक वेळा उभ्या उभ्याच पडते. उतरत्या वाटेवर पाय टेकायला जावे, शेवाळलेल्या चिऱ्यावरून बूट सरकावा, आणि गाडी एकदा कलली की ती हाताने धरवत नाही. होंडा शाइन १०० चे वजन ९९ किलो, हिरो स्प्लेंडर प्लसचे ११२ किलो. बजाजची पल्सर १२५ नुसत्या सीसीने (इंजिनाच्या आकारमानाने) मोजायची तर त्याच वर्गातली वाटते, पण वजन १४० किलोच्या घरात. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० ही १९५ किलोची. शिकायला ती नको, मग मुलगा कितीही रुसो. सीटची उंचीही बघावी. स्प्लेंडरची ७८५ मिलिमीटर, बजाज प्लॅटिना १०० ची ८०७. दोन सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच नाही, पण पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीला तेवढ्यानेच एका बाजूची टाच उचलावी लागते. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून काही कळत नाही. बाहेरच्या उतारावर इंजिन बंद ठेवून, गाडीवर बसून, पायांनी ती दोन हात मागे ढकलून बघा. जमत नसेल तर ती गाडी सध्या आपली नाही.

इंजिनाचा प्रश्न त्यामानाने सोपा. बाजार, बँक, कॉलेज एवढेच असेल तर १०० सीसी पुरते. सुमारे ८ अश्वशक्तीचे हे इंजिन मागे माणूस बसवून आंबा घाट किंवा आंबोली चढते, पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, आणि मागून ट्रक आला की पुढे काढायला हातात काही शिल्लक राहत नाही. रोज दोघांनी घाट करायचा असेल तर १२५ सीसी आणि पुढे डिस्क ब्रेक असलेलेच मॉडेल घ्यावे. दीडशेच्या वरची गाडी पहिल्या वर्षी नकोच. (घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून आहेत. इंजिनाचा लगाम सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे ड्रम तापून धरेनासे होतात.)

सीसीचा संबंध पैशांशीही आहे. महाराष्ट्रात दुचाकीवरचा एकरकमी कर ९९ सीसीपर्यंत १० टक्के, १०० ते २९९ सीसीला ११ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के. स्प्लेंडर ९७.२ सीसीची, शाइन १०० ही प्रत्यक्षात ९८.९८ सीसीची, दोन्ही दहा टक्क्यांत बसतात. प्लॅटिना १०० मात्र १०२ सीसीची, म्हणून अकरा टक्क्यांत. विम्याची रेघ १५० सीसीवर आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी (गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) विमा हप्ता ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये. १४९ सीसी आणि १५५ सीसी या दोन गाड्या चालवताना सारख्याच वाटल्या तरी इथे साडेतीन हजारांचा फरक पडतो, वर जीएसटी.

आता समजा, एक्स-शोरूम (रस्ता कर, विमा, नोंदणी सोडून) किंमत ८०,००० आहे आणि इंजिन ९९ सीसीच्या आत. कर ८,०००. थर्ड पार्टी विमा जीएसटीसह ४,५४४. नोंदणी फी ३०० आणि आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) स्मार्ट कार्डाचे २००. झाले ९३,०४४. त्यावर पहिल्या वर्षाचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा धरला की गाडी पंचाण्णव हजारांच्या आसपास दारात यायला हवी. हातात एक लाख तीन हजारांचे कोटेशन पडले तर मधले सात-आठ हजार कसले, ते ओळीओळीने लिहून मागा. ‘हँडलिंग चार्जेस’ ही सरकारी फी नाही. टेफ्लॉन कोटिंग, वाढीव वॉरंटी, लेगगार्ड, सीट कव्हर हे सगळे ऐच्छिक. विमा त्याच शोरूममधून घेण्याची सक्ती नाही. बाहेरून दर काढून दाखवला की तिथलाही खाली येतो. अपघात विमा आधीपासून असेल तर दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही. मागच्या चाकाचे साडीगार्ड आणि मागे बसणाऱ्याला धरायची कडी या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीसोबत असायच्याच वस्तू, त्यांचे ‘ॲक्सेसरी’ म्हणून वेगळे पैसे कसले? आयएसआय हेल्मेटही गाडीसोबत मिळायला हवे.

हप्त्यांवर घेणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारावा: व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर? ७०,००० रुपये, तीन वर्षे, ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’ म्हणजे व्याज २१,००० आणि हप्ता २,५२८. मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण सत्तर हजारांवर चालू राहते, म्हणून हा दर घटत्या शिलकीच्या हिशेबात जवळजवळ १८ टक्के पडतो. तेच कर्ज १२ टक्के घटत्या शिलकीने घेतले तर हप्ता २,३२५ आणि एकूण व्याज पावणेचौदा हजारांच्या आत. बारा टक्के ऐकून उठून जाणारी आणि दहा ऐकून सही करणारी माणसे बरीच आहेत.

नवशिक्याला जुनी गाडी बरी, असे माझे मत आहे. पहिल्या वर्षी ती दोन-चारदा आपटणारच. पण भाव ठरवताना एक बदल लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आधी ८०,००० ला मिळणारी गाडी, मूळ भाव तोच असेल, तर ७३,७५० ला येते. जुनी विकणारे मात्र आपण मोजलेल्या जुन्या किमतीतूनच घट काढतात. घट मोजायची ती आज नवी घेतली तर पडेल त्या किमतीतून.

मीटरवरच्या किलोमीटरना आपल्याकडे फारसा अर्थ नाही. किनाऱ्याला तीन वर्षे उघड्यावर उभी राहिलेली आठ हजार किलोमीटरची गाडी ही कोल्हापुरात पस्तीस हजार पळालेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. म्हणून टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा आणि खाली वाकून बघा. सायलेन्सरचा खालचा बाक आणि शेवटचा शिवणीचा भाग, मेन स्टँडची पिन, बॅटरीच्या खालचा पत्रा, मागच्या मडगार्डची आतली बाजू, चेन कव्हरचा तळ, आणि चासीचे (सांगाड्याचे) जोड, विशेषतः हँडलच्या मानेपाशी टाकीखाली. वरवरचा तांबूस थर सगळ्यांनाच येतो, त्याने बिघडत नाही. स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रा निघाला किंवा टोक आत गेले तर भाव करत बसू नका, निघा. बाकी गाडी धुरकट आणि खालची बाजू तेवढी ताज्या काळ्या रंगाने चकचकीत, हीसुद्धा वाईटच खूण.

पुढच्या शॉकपच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) चकचकीत नळ्यांवर बोट फिरवा. खाऱ्या वाऱ्याने क्रोमला बारीक खड्डे पडतात, ते ऑइल सील कापतात, आणि नवी सील दोन महिन्यांत पुन्हा गळते. अशा वेळी नळीच बदलावी लागते. तारांची चाके असतील तर रिमला तार जिथे बसते तिथल्या निप्पल (तार ताणायचे बारीक नट) बघा. गंजून जाम झालेल्या निप्पलमुळे चाकाचा आउट (वाकडेपणा) निघत नाही. किनाऱ्याला अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर बरे, ते याचसाठी. टाकीचे झाकण उघडून टॉर्च मारा. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी पेट्रोलचा पंप टाकीतच असतो. तळाला गंजाचे कण असतील तर ते फिल्टर तुंबवतात आणि पंपावर ताण येतो. त्याआधीच्या कार्बोरेटरच्या गाडीत हाच कचरा गावातला कोणीही मेकॅनिक अर्ध्या तासात साफ करतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढते. पावसाळाभर अर्ध्या टाकीने ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीत तळाला पाणी सापडते ते त्यामुळेही. चाकरमान्याने गणपतीला येऊन गावात ठेवलेली गाडी ‘अगदीच कमी वापरलेली’ म्हणून विकायला निघते, तेव्हा ही तपासणी आधी करावी.

वायरिंगसाठी हेडलाइटमागची कनेक्टरची जोडणी सोडवून बघा. पितळेवर हिरवट भुकटी दिसली तर पुढच्या पावसात इंडिकेटर, हॉर्न, सेल्फ एकेक करून बोलेनासे होणार.

इंजिन थंड असतानाच चालू करायचे. तुम्ही पोचण्याआधीच मालकाने ‘जरा गरम करून’ ठेवली असेल तर सायलेन्सर निवेपर्यंत थांबा. सकाळच्या गारव्यात निघणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. चालू करताक्षणी निळा धूर आला आणि थांबला तर बहुधा व्हॉल्व्हची सील गेली आहेत. रेस केल्यावर निळा धूर येतच राहिला तर रिंगा-पिस्टनचे काम, म्हणजे इंजिन बांधायला आले. मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखे अडकले तर कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) गेला. मागचे चाक आडवे हलवून स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याची) ढिलाई बघा. चेन मागच्या चक्राच्या टोकाला धरून बाहेर ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट (चेन आणि तिची दोन्ही चक्रे) संपला. टायरच्या कडेला चार अंक असतात: ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांच्या टायरला नक्षी दिसत असली तरी रबर दगड झालेले असते, आणि ओल्या जांभ्यावर तो घसरतो. टायरची जोडी, चेनसेट, बॅटरी आणि शॉकपची सील एवढे निघाले तर साध्या १०० सीसी गाडीलाही सहा-सात हजार सहज जातात. ते भावातून वजा करून मागायचे, लाज कसली?

कागदांत आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या आकड्याशी स्वतः जुळवा. हँडलच्या मानेवर तो गंजात बुजलेला असतो, घासून वाचावा लागतो. वित्त कंपनीचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि कंपनीचे पत्र हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ई-चलान बाकी आहे का तेही बघा. मुंबईत फिरलेल्या गाडीवर ती असतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलेली नसेल तर तिचे ४५० रुपये अधिक जीएसटी धरा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, विमा १४ दिवसांत आपल्या नावावर वळवून घ्यायचा. कोऱ्या टीटी (मालकी बदलाच्या) फॉर्मवर सह्या घेऊन वर्षानुवर्षे तशीच फिरवलेली गाडी गावोगाव दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदीवर ज्याचे नाव, भरपाईसाठी तोच मालक. म्हणजे विकणाऱ्यालाच याचा घोर जास्त असायला हवा.

गाडी आल्यावर एक सवय लावावी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून उतरलात, पुळणीवर (समुद्राच्या वाळूवर) गेलात, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, पण प्रेशरचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर धरू नका. वाळल्यावर चेनला ९० नंबरचे गिअर ऑइल. जळके ऑइल खाली फासण्याची जुनी पद्धत पत्र्याला चालते, पण ते रबरी बुशांना खाते आणि ड्रममध्ये उतरले तर ब्रेकच जातो.

आणि गिअरची गाडी अठरा पूर्ण झाल्याशिवाय मुलाच्या हातात देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. शिकाऊ परवाना काढल्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. गाडीची बोलणी त्या महिन्यात करावीत.

आपला,
दुचाकी दुरुस्तीतला एक वाचक, जि. रत्नागिरी