मागच्या बाजूची पेन्सिलीची फुली

ताई, नमस्कार.

फोनवर तुम्ही "काका, आभार वगैरे काही नको हो" म्हणालात म्हणून मी गप्प बसलो, पण राहवत नाही. दोन महिने झाले, दुकानात कुणी मोठा नकाशा छापायला आलं की प्लॉटरचा आवाज ऐकून परत तोच दिवस डोळ्यासमोर येतो. आज शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. सगळ्यांसमोर लिहितोय कारण आमच्या जुन्या गावची माणसं आता पैठण, गंगापूर, संभाजीनगर, पुणे, कुठं कुठं पांगलीत, त्यांनाही कळू द्या कुणामुळं काय झालं ते.

त्यांना माहितीय पण बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमचं गाव नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, ह्या दोन तारखा आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, घरातल्या कुणाच्याही वाढदिवसापेक्षा जास्त पाठ. मधल्या दहा वर्षांत शंभराच्या वर गावं उठली. मी जन्मलो तो नव्या गावात, पत्र्याच्या खोलीत, पाणी अडल्यावर. म्हणजे माझ्यासाठी आमचा गंगेकाठचा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) मळा कायम पाणीच होता. आबा बोट करून दाखवायचे, "तिकडं, त्या पाण्याच्या मधोमध," आणि मी लहानपणी मान हलवायचो, दिसायचं काहीच नाही.

धरणाला मी नावं ठेवत नाही. अख्ख्या मराठवाड्याला त्याचा आधार आहे, संभाजीनगरच्या नळाला येतं ते पाणीही तिथलंच. एकदा आबा दुकानात आले होते, मी माठ भरत होतो, तर सहज बोलून गेले, "हे आपल्या मळ्यावरनंच आलंय की रे." मी नळ तसाच चालू ठेवून त्यांच्याकडं बघत राहिलो.

मळ्याचा एकही फोटो नव्हता. त्या काळी फोटो म्हणजे नाथषष्ठीच्या जत्रेत पडद्यापुढं उभं राहायचं. आजी-आजोबांचा तसा एक आहे, मागं रंगवलेली बाग, कमळाचं तळं. आजी म्हणायची, आपली एवढी झाडं असताना ह्या खोट्या झाडांपुढं कामून उभं केलं कुणास ठाऊक.

२०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्याच वर्षी, धरण मृतसाठ्यात गेलं आणि आबा म्हणाले चल, आता मळा उघडा पडला असंल. गाडीवर घेऊन गेलो. नुसता गाळ, भेगा पडलेला, इकडं तिकडं लोकांची गाळपेर, मेलेले शिंपले. आबा तासभर उन्हात फिरले, चार पावलं इकडं, चार तिकडं, थांबायचे, परत फिरायचे. काहीच ओळखू येईना. चाळीस वर्षांचा गाळ बसलेला, विहीर कुठली, बांध कुठला. येताना गाडीवर एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "मलाच चकवा लागला." त्यानंतर मळ्याचं बोलणंच त्यांनी सोडून दिलं, आणि मला तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी मागं लागलो होतो की जुना काहीतरी नकाशा, फोटो, कायतरी मिळावं. एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला आबांना सोबत नेलं, म्हातारा माणूस बघून तरी कुणी उठंल. तिथल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मावेजा उचलला ना तुम्ही? मग आता फोटो काय करायचा?" मावेजा म्हणजे गेलेल्या जमिनीची भरपाई. आबांनी टोपी काढून हातात धरली होती, ती तशीच धरून बाहेर आले. मग एक ड्रोनवाला भेटला, लग्नाचे शूटिंग करणारा, म्हणाला काका काळजीच करू नका, वरून अख्खा मळा काढून देतो. सहा हजार घेतले. आणि काय दिलं, तर निळ्या पाण्याचा फोटो, फ्रेम करून, मधोमध लाल बाण. आबांनी तो हातात घेतला, बघितला आणि मला परत दिला. "हे तं पाणी हाय रे." एवढंच. सहा हजारांचं मला काही वाटलं नाही, त्या माणसाला पाण्यावर बाण काढताना काहीच कसं वाटलं नाही ह्याचा राग अजून गेलेला नाही.

आणि मग तुम्ही आलात पेनड्राईव्ह घेऊन, कॉलेजच्या प्रोजेक्टचे दोन मोठे प्रिंट काढायला. स्क्रीनवर काळापांढरा फोटो उघडला, मधून एक वाकडी पांढरट पट्टी. मी आपलं विचारलं ही कुठली नदी. तुम्ही म्हणालात, "गोदावरी, काका. धरणाच्या आधीची." माझा हात माऊसवरून उचलला गेला. मी म्हणालो आमचं गाव ह्याच्यात असंल. तुम्ही हसला नाहीत की घाई आहे म्हणाला नाहीत, वहीत गावाचं नाव लिहून घेतलं, शेजारची गावं विचारली, ओढा कुठल्या बाजूनं येत होता ते विचारलं. मला वाटलं पोरगी आहे, चांगली आहे, विसरून जाईल.

तीन आठवड्यांनी तुम्ही आलात ते गावच घेऊन.

तुम्ही मला समजावून सांगितलेलं मी आता सगळ्यांना सांगत असतो. अमेरिकेचे कोरोना नावाचे हेरगिरीचे उपग्रह होते, आजार नव्हे, नाव तेच, १९६० ते १९७२ पर्यंत ते फोटो काढायचे. फोटो फिल्मवर, आणि फिल्मचा डबा आकाशातून पॅराशूटनं खाली सोडायचे आणि विमान तो हवेतल्या हवेत झेलायचं. १९९५ ला त्यांनी हे फोटो जगाला खुले केले. दीडशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून काढलेले आणि तरी पाच-सहा फुटांची वस्तू ठिपक्यासारखी दिसते. मला हे ऐकून अंगावर काटा आला. काढणाऱ्यांना काय दुसरंच बघायचं असेल, रणगाडे, विमानतळ, आणि जाता जाता आमची विहीर त्यांच्या फिल्मवर राहून गेली आणि पन्नास वर्षं कुठल्या तरी डब्यात जपली गेली. आम्ही नाही जपू शकलो, त्यांनी जपली.

पण ताई, हे पत्र फोटोसाठी नाही. फोटो काय, शोधला असता तर कदाचित दुसऱ्या कुणालाही सापडला असता. तुम्ही आमच्या घरी आलात त्या रविवारचं सांगायचंय.

ओसरीवर सतरंजी अंथरली होती. तुम्हाला आईनं खुर्ची दिली तर तुम्ही खाली बसलात आबांच्या शेजारी, आणि प्रिंट त्यांच्यापुढं पसरून चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. आबांनी चष्मा पुसला. बघितलं. काही कळेना त्यांना. मी पुढं होऊन म्हणणार होतो की आबा ही बघा इथं गंगा, तर तुम्ही माझ्या मनगटावर हळूच हात ठेवला. नुसता ठेवला, दाबलाही नाही. आणि तुमचे दोन्ही हात परत मांडीवर घेऊन बसून राहिलात.

वीस मिनिटं. मी घड्याळ बघितलंय. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. आई चहा घेऊन दारात उभी राहिली, साय धरली चहावर.

आबांनी पहिल्यांदा कागद फिरवला. वाट्या बाजूला केल्या आणि अख्खा कागदच उलटा करून घेतला, म्हणजे गंगा त्यांच्या मांडीकडं आली. नंतर मला कळलं, ते कायम गंगेवरून अंघोळ करून मळ्याकडं निघायचे, गंगा पाठीशी आणि मळा समोर, त्यांच्या डोक्यात रान तसंच ठेवलेलं. उत्तर वर असलेला कागद त्यांना कसा वाचता येणार. मग बोट ठेवलं घाटावर. "हा घाट." मग बोट चालायला लागलं. पांदणीनं हळूहळू वर, चिंचेपाशी जरा थांबलं, ओढ्यापाशी आलं आणि खरं सांगतो, ओढ्यावर बोट उचललं त्यांनी आणि पलीकडं ठेवलं, पाण्यातनं पाय टाकावा तसं. मग डावीकडं. एक काळा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्यावर बोट थांबलं ते थांबलंच.

"विहीर," आबा म्हणाले. "माय, ही माझी विहीर."

तुम्ही तेव्हा पहिल्यांदा बोललात. विचारलंत, "आबा, ठिपक्याला लागून ही पांढरी रेघ कसली?" आणि माझा बाप, ज्यानं पाच-सहा वर्षं मळ्याचं नाव काढलं नव्हतं, तो सुरू झाला. ही धाव. मोटेची धाव. बैल मागं सरकायचे, मोट बुडायची, मग उतारानं पुढं चालायचे, मोट वर. दिवसातनं किती खेपा, पायानं माती भुगा होऊन पांढरीफेक पडायची, गवताची काडी उगवायची नाही. थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज घरापर्यंत यायचा, आवाज थांबला की आजी ओरडायची, झोपला काय रे. बैलांची नावं सांगितली. शेंदऱ्या आंबा दाखवला, त्याची सावलीसुद्धा फोटोत पडलेली. गाव उठताना बाकीच्यांनी झाडं तोडून लाकडं विकली, आजोबांनी शेंदऱ्याला कुऱ्हाड लावू दिली नाही, तो उभाच्या उभा पाण्यात गेला. हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांचा मुलगा, पन्नाशीला आलेला.

काळं दिसतं ते उभं रान, फिकं ते काढलेलं, म्हणजे बाजरी निघालीय आणि ज्वारी उभीय, दिवाळीनंतरचे दिवस आहेत असंही त्यांनी सांगितलं, आणि तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत. त्यांना किती बरं वाटलं असंल ते तुम्हाला नाही कळायचं. त्या कार्यालयात आबा काहीतरी मागायला आलेला म्हातारा होते. तुमच्या वहीत ते जाणकार माणूस झाले.

मग त्यांनी विचारलं, बैल दिसत्यात का बघ गं माय. मला माहिती होतं एवढं बारीक दिसत नाही, तुम्हालाही माहिती होतं. तुम्ही भिंग घेऊन खरंच बघितलंत, दोन मिनिटं तरी बघितलंत, आणि म्हणालात, "दिसत नाहीत आबा. एवढं बारीक येत नाही ह्याच्यात. पण आंब्याची सावली मोठी आहे." आबा म्हणाले, "मंग सावलीलाच असत्याल." खोटं बोलला नाहीत आणि त्यांचं मनही मोडलं नाहीत. हे कुठं शिकवत असतील हो? माझ्या दुकानात दिवसभर शिकलेली माणसं येतात, डिग्र्यांची झेरॉक्स काढायला येतात, म्हाताऱ्या माणसाला बसायला स्टूल सरकवत नाहीत. आणि तुमच्यासारखी एखादी येते. चांगुलपणा काय मोठ्या पदावर बसलेल्यांकडंच असतो असं नाही, तो पायरीवरही भेटतो, रस्ता सांगणाऱ्या रिक्षावाल्याकडं भेटतो, २०१६ ला आम्हाला गाळात फिरताना बघून आपल्या घागरीतलं पाणी आणून देणारी बाई होती तिच्याकडं होता, पाणी कुणाकडंच नव्हतं त्या वर्षी. अशी माणसं नाव सांगत नाहीत आणि आपणही विचारायचं विसरतो.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी लॅमिनेशनला प्रिंट दुकानात आणला. मशीनमध्ये घालायच्या आधी सवयीनं मागची बाजू बघितली, डाग वगैरे आहे का म्हणून. मागं पेन्सिलीची एक फुली होती. बारीक, अगदी हलक्या हातानं काढलेली. मी कागद उजेडाला धरला. पुढून विहीर, मागून फुली, बरोबर एकाच जागी.

म्हणजे तुम्हाला आधीच सापडली होती. घरी यायच्या आधीच. दाखवायला एक सेकंद लागला असता, आणि शोधणाऱ्याला ते दाखवायची किती हौस असते मला माहितीय, मी असतो तर दारातूनच ओरडलो असतो. तुम्ही वीस मिनिटं हात मांडीवर ठेवून बसलात, कारण २०१६ ला जे आबांना सापडलं नव्हतं ते त्यांना स्वतःला सापडायला पाहिजे होतं. मी तर तुम्हाला ती गाळातली गोष्ट दुकानात सहज, प्रिंट निघेपर्यंत सांगितली होती. तुम्ही लक्षात ठेवलीत.

त्या दिवशी मी गिऱ्हाईकाला थांबायला सांगून मागं जाऊन तोंड धुऊन आलो.

लॅमिनेशन केलं नाही. प्लॅस्टिकमधून बोट कागदाला लागत नाही असं आबांचं म्हणणं. ओसरीवर पाटावर ठेवलाय, वरून धोतराचं पान झाकून. जुन्या गावचं कुणी ना कुणी दर आठवड्याला येतं, जो तो आपापल्या घराकडं बोट चालवतो, घाटापासनंच सगळे सुरू करतात. परवा शेजारच्या वाडीची एक म्हातारी येऊन गेली, माहेर आमच्या गावचं, तिला डोळ्यानं दिसत नाही. आबांनी तिचं बोट धरून घाटावर ठेवलं आणि पांदणीनं तिच्या वडलांच्या मळ्यापर्यंत चालवत नेलं. फुली मी आबांना दाखवलेली नाही. दाखवणारही नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखवणार आहे, तेवढा भाग सोडून.

प्रिंटचे पैसे तुम्ही टेबलावर ठेवून गेलात ते आईनं देव्हाऱ्यात ठेवलेत, ते परत न्यायला तरी या. आबांनी नव्या रानात चार वाफे गुळभेंडी, हुरड्याची ज्वारी, पेरलीय, खास तुमच्या नावानं, पाखरं राखायला स्वतः बसतात. हुरडा भरला की फोन करतो. फक्त आदल्या दिवशी कळवा, आगटीला गोवऱ्या वाळलेल्या लागतात. आणि वही घेऊन या, आबा म्हणतात ओढ्याच्या वरच्या अंगाचं बरंच सांगायचं राहिलंय.

तुमचा,
झेरॉक्सवाला काका