कालाकुंडच्या वाटेवर मदत केलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

रविवारी पहाटे आम्ही तिघं इंदूरहून महूमार्गे सायकली घेऊन निघालो, पातालपाणीला धबधबा बघितला आणि पुढे माळव्याचं पठार सोडून कालाकुंडकडे चोरल नदीच्या खोऱ्यात उतरायला लागलो. हा उतार म्हणजे मोकळा काळा दगड आणि त्यावर सागाची वाळकी पानं, मागचा ब्रेक जरा जास्त दाबला की चाक सरकतंच. तिथेच एका धारदार दगडानं माझा टायर बाजूनं दोन बोटं फाटला. ट्यूब बदलून काय उपयोग, ती त्या फटीतून बाहेर येणार ना! फोनला रेंज नाही, पाणी संपत आलेलं.

तेवढ्यात बकऱ्या घेऊन जाणारे एक मामा थांबले, काही न विचारता घरी गेले आणि ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आले, विळ्यानं नीट कापून आतून फटीवर बसवला आणि म्हणाले आता हवा भरा, पण कमीच. टिकलं की हो ते! त्यांच्या घरच्या ताईंनी मटक्यातलं पाणी दिलं, पैसे घेतलेच नाहीत. पुढे चोरल गावाच्या अलीकडे घाटाचा चढ बघून एका पिकअपवाल्या दादांनी तिन्ही सायकली मागे चढवल्या, खाली पोतं अंथरून, आणि सिमरोळपर्यंत सोडलं.

नावं विचारायची राहूनच गेली, त्याची खूप रुखरुख लागलीये. मामा, ताई, दादा, तुमचे उपकार विसरणार नाही. तो रबराचा तुकडा अजून टायरमध्येच आहे.