कोनफळाचे रताळे, पूर्वजांची भुते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इग्बो लोकांवरचा पानभर लेख काल वाचला. कालच लिहायला बसणार होते, पण रागाच्या भरात लिहिलेले पत्र तुमच्याकडे छापत नाहीत हा अनुभव आहे. म्हणून एक रात्र जाऊ दिली. राग काही गेला नाही.

आधी फोटो. लेख इग्बोंचा, म्हणजे आग्नेय नायजेरियाचा. फोटो कुणाचा? लाल वस्त्र पांघरून भाला टेकून उभ्या असलेल्या मसाई माणसाचा. तो केनियाचा. इग्बोंच्या मुलखातले एनुगू ते केनियाची राजधानी नैरोबी हे अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त आहे. उद्या पंढरीच्या वारीच्या बातमीवर काबूलच्या पठाणाचा फोटो छापलात तरी चूक यापेक्षा लहान ठरेल, काबूल जवळ पडते.

मग 'रताळ्यांचा सण'. लेखात दोनदा आहे, म्हणजे मुद्रणदोष नव्हे. सण आहे तो याम नावाच्या कंदाचा. याम म्हणजे रताळे नाही, सुरणही नाही. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ म्हणजे कोनफळ. वसई-पालघरकडच्या कुणालाही विचारले असते तर सांगितले असते. मांडीएवढा कंद असतो. ऑगस्टच्या आसपास नवे पीक निघते, पण घरातला वडीलधारा माणूस पहिला कंद भूमातेला, म्हणजे आलाला, आणि पूर्वजांना दाखवत नाही तोवर कुणी तोंडात घालत नाही. आपल्या नवान्नाशी याचे किती जमते हे लिहायची केवढी संधी होती! ती रताळ्यात गेली.

इकेंगाच्या चित्राखाली 'सैतानाची मूर्ती' असे छापले आहे. इकेंगा ही माणसाच्या उजव्या हाताची, त्याच्या कर्तबगारीची लाकडी मूर्ती. तिला शिंगे असतात. शिंगे दिसली की सैतान, असा तुमच्या उपसंपादकांचा नियम असेल तर पोळ्याच्या दिवशी त्यांनी घराबाहेर पडू नये.

पण हे सगळे मी गिळले असते. इग्बोंच्या पूर्वजपूजेला तुमच्या लेखाने 'भुताखेतांची पूजा' म्हटले आहे, हे नाही गिळता आले.

१९७९ ते १९८४ या काळात मी एनुगूपासून तासाभरावरच्या एका गावात सरकारी शाळेत गणित शिकवत होते. हे भौतिकशास्त्र शिकवत. त्या वर्षांत आपल्याकडचे पुष्कळ मास्तर नायजेरियात होते. इग्बोंचा आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या गावच्या बाजाराचा. वर्गात निम्मी मुले गायब दिसली की आज आपल्या गावचा न्क्वो आहे हे मला कॅलेंडर न बघता कळायचे. हजेरीपटावर ओकेके, ओकोरिए, ओकाफो, ओकोन्क्वो अशी नावांची रांग होती. ती त्या चार वारांचीच. आणि एक न्नेन्ना होती. न्नेन्ना म्हणजे बापाची आई. आजी परत आली असे धरून ठेवलेले नाव. तिचे वडील शाळेत येत तेव्हा त्या अकरा वर्षांच्या पोरीशी जरा अदबीने बोलत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्नामदी अझिकिवे. न्नामदी म्हणजे 'माझा बाप आहे, हयात आहे'. ज्यांच्याकडे मेलेला आजा नातवाच्या रूपाने घरात वावरतो, त्यांना भुतांची काय पडली आहे? शिवाय मेला तो झाला पूर्वज, असेही तिथे नसते. नीट जगलेला, पिकल्या वयात गेलेला आणि पोराबाळांनी उत्तरक्रिया पूर्ण केलेला माणूसच त्या पंगतीत बसतो.

आमच्या घरमालकांचे वडील सत्तरीपुढचे. रविवारी न चुकता मिस्साला जात आणि घरी आलेल्या पाहुण्यापुढे न चुकता कोला, म्हणजे तिथल्या एका झाडाचे कडवट बी, ठेवत. (तुमच्या लेखात कोलाची 'सुपारी' झाली आहे. असो.) आम्ही राहायला गेलो त्या आठवड्यात त्यांनी आम्हाला त्यांच्या ओबीत बोलावले. ओबी म्हणजे घरधन्याची बसायची खोली, आपली ओसरी म्हणा. लाकडी ताटलीत तीन कोला, बाजूला तिखट शेंगदाण्याचे वाटण. म्हाताऱ्याने एक कोला उचलून पूर्वजांना हाक मारत प्रार्थना सुरू केली. मुलगा आम्हाला इंग्रजीत सांगू लागला तर त्याला दटावले. कोलाला इंग्रजी कळत नाही, अशी तिथे म्हणच आहे. आमच्या ह्यांना थट्टेची खोड. म्हणाले, मग मराठी कळते का विचार. मुलाने खरेच विचारले.

म्हातारा विचारात पडला. म्हणाला, तुमच्या माणसांना माझी भाषा कुठून कळणार? त्यांना तुम्हीच हाक मारा.

आता ह्यांनी जन्मात कधी श्राद्धाला हात लावला नव्हता. सासरे हयात होते, ते काय ते करत. ह्यांनी आजोबांचे नाव घेतले आणि गाडी अडली. मी दरवर्षी पाने वाढता वाढता गुरुजींच्या तोंडून ती नावे ऐकलेली. पणजोबा आणि खापरपणजोबा मी सांगितले. म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट पाहिले, तोंड भरून हसला, आणि कोलाचे तुकडे उंबऱ्याबाहेर टाकताना आमची तिन्ही नावे आपल्या उच्चारात घेतली. मिरज तालुक्यातला एक कुळकर्णी त्या दिवशी एनुगूजवळ जेवला. भुते अशी जेवतात होय?

प्रार्थनेतले एक वाक्य मला तेव्हाच पाठ झाले. एग्बे बेरे, उगो बेरे. घारही बसो, गरुडही बसो. जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो.

मी भारावून गेले होते असे समजू नका. कोला मोडायला मी हात पुढे केला, तो त्याने हळूच बाजूला सारला. बाईने मोडायचा नसतो. नावे सांगायला बाई चालली, मोडायला नाही. तेव्हा राग आला होता, अजून येतो.

आणि तुमचे लेखक म्हणतात, 'या समाजात जातपात औषधालाही नाही'. अहो, ओसू हा शब्द त्यांच्या कानावरूनही गेला नाही का? कधीकाळी देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांनी मोडलेला कोला इतरांना चालत नाही. १९५६ साली तिथल्या पूर्व विभागाच्या विधिमंडळाने कायदा करून ही प्रथा बंद केली. मी गेले तेव्हा कायद्याला तेवीस वर्षे झाली होती. माझ्या वर्गात बीजगणितात पहिली येणारी मुलगी त्या घरातली. तिच्या वडिलांना मी ओबीत एकदाही बसलेले पाहिले नाही. घार-गरुडाचे वाक्य ऐकवून मी म्हाताऱ्याला विचारले, तर त्याने तपकिरीची डबी बंद केली आणि म्हणाला, तो विषय वेगळा. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. मिरजेत पाहिला होता.

म्हणजे जिथे काळे नाही तिथे तुम्ही काजळ फासले आणि जिथे आहे तिथे चुना. 'जुजू', म्हणजे जादूटोणा, हा शब्द लेखात सात वेळा आहे. मोजला. तो इग्बो शब्दसुद्धा नाही.

हे पत्र तुमच्या अडीचशे शब्दांच्या मर्यादेत बसणार नाही, ठाऊक आहे. मार्चमध्ये बसस्थानकाच्या स्वच्छतागृहाबद्दल मी मर्यादेत लिहिले होते. त्यातले 'नाही' नेमके कापले गेले, आणि स्वच्छतागृह वापरण्याजोगे असल्याबद्दल आभार मानणारी बाई म्हणून कॉलनीत अजून माझी चेष्टा होते. त्याचा खुलासाही राहिला आहे. रताळ्याच्या खुलाशाशेजारी छापलात तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सांगली