मुलींच्या खोलीला आतून कडी हवी: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि रोइंग करते, म्हणजे वल्ह्यांनी बोट पळवायचा खेळ. पहाटे साडेपाचला मी तिला स्कूटरवरून पाण्यावर सोडते आणि सराव संपेपर्यंत तिथेच थांबते. काळजी वाटते म्हणून नव्हे, मला तिथे काम असतं. मुली पाण्यातून बाहेर आल्या की बोटी ठेवायच्या शेडमागे मी आणि आणखी एक आई ओढण्या ताणून उभ्या राहतो, आणि त्या आडोशाला चार मुली ओले कपडे बदलतात. मुलांना खोली आहे. तिथे नळ आहे, खुंट्या आहेत, भिंतीवर मारुतीचं कॅलेंडरसुद्धा आहे.

मुलींचं स्वच्छतागृह आहे म्हणे, पण त्याची किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून या मुली सकाळी उठल्यापासून पाणी पीत नाहीत. दोन तास वल्ही मारायची आणि घोटभर पाणी प्यायचं नाही. महिन्यातले ते चार दिवस तर त्या येतच नाहीत, आणि मग वहीत ‘गैरहजर’ असा शेरा पडतो.

मी विचारायला गेले. उत्तर मिळालं, “मुली आहेतच किती? चार!” त्या जागेचं नाव इथे लिहीत नाही, कारण उद्या पहाटे मला पुन्हा तिथेच जायचं आहे.

तुम्हाला सांगायची आहे ती गोष्ट मात्र दुसऱ्याच एका मुलीची आहे. ख्रिस अर्न्स्ट ही अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या महिला रोइंग संघाची कर्णधार. येलने पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश दिला तोच मुळी १९६९ साली. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. इंग्रजीत तो ३७ शब्दांचा आहे. आपल्याकडे एवढ्यात जीआरची प्रस्तावनाही संपत नाही.

कायदा झाला, पण बोटहाऊसला, म्हणजे बोटी ठेवायच्या आणि खेळाडूंनी आवरायच्या इमारतीला, तो कुणी सांगितला नसावा. येलचं बोटहाऊस होतं डर्बी गावी, हूसाटॉनिक नदीवर. सराव संपला की मुलगे आत जाऊन गरम पाण्याने अंघोळ करायचे. मुलींसाठी आत सोयच नव्हती. त्या बाहेर बसमध्ये ओलेत्याने बसून राहायच्या, मुलग्यांचं आवरून बस सुटेपर्यंत. थंडी तिकडची, हिवाळा तिकडचा. ओल्या अंगाने बसू नये, बाधतं, हे आपल्याकडे कुठलीही आजी सांगेल. मुली आजारी पडत होत्या आणि विद्यापीठाकडून आश्वासनं येत होती.

३ मार्च १९७६ रोजी अर्न्स्ट आणि तिच्या सहकारी, एकूण १९ जणी, महिला क्रीडाविभागाच्या संचालक जोनी बार्नेट यांच्या कचेरीत गेल्या. सोबत एक विद्यार्थी बातमीदार आणि एक छायाचित्रकार. आत गेल्यावर सगळ्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. उघड्या छातीपाठीवर निळ्या शाईत लिहिलेलं होतं, ‘टायटल नाइन’. मग अर्न्स्टने शांतपणे एक निवेदन वाचलं. येल ज्यांचं शोषण करतंय ती हीच शरीरं, अशी त्याची सुरुवात होती. पाऊस आमच्या कातडीवर गोठतो, असं त्यात होतं. अर्धा तास बसमध्ये बसल्यावर तो बर्फ वितळतो आणि आतल्या घामात मिसळतो. तुमच्याकडून आमच्या कानांवर काहीही पडलं, तरी त्याने ही शरीरं उबदार होत नाहीत आणि कोरडीही होत नाहीत.

शेवटचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्याकडेही ‘बघतो’, ‘कळवतो’, ‘प्रस्ताव पाठवलाय’ असं बरंच काही साठलं आहे.

दुसऱ्या दिवशी बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली आणि विद्यापीठाची अब्रू चव्हाट्यावर आली. वर्षानुवर्षं न हललेला कागद मग भराभर हलला. पुढच्या वर्षापर्यंत बोटहाऊसला मुलींची खोली जोडली गेली.

गैरसमज नको. आमच्या मुलींनी तसं काही करावं असं मी सुचवत नाहीये. इथे तसं झालं तर गुन्हा मुलींवरच दाखल होईल आणि खोली राहील बाजूलाच. साध्या शॉवरसाठी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना इतक्या टोकाला जावं लागलं, याची शरम कुणाला वाटायला हवी होती, एवढाच माझा प्रश्न आहे.

त्याच १९७६ साली मॉन्ट्रियलला महिलांचं रोइंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं. पुरुषांचं १९०० पासून होतं. त्या कचेरीत उभी असलेली ॲन वॉर्नर अमेरिकेच्या आठजणींच्या बोटीत होती आणि त्या बोटीने कांस्यपदक मिळवलं. अर्न्स्ट वल्हवत राहिली. १९८६ मध्ये नॉटिंगहॅमला तिने सी. बी. सँड्सबरोबर लाइटवेट डबल स्कल्समध्ये, म्हणजे कमी वजनगटातल्या दोघींच्या बोटीच्या शर्यतीत, जागतिक विजेतेपद पटकावलं, म्हणजे त्या निवेदनानंतर दहा वर्षांनी. पोटापाण्यासाठी अर्न्स्टबाईंनी कोणता व्यवसाय धरला म्हणाल? प्लंबिंग! बोस्टनकडे लोकांच्या घरी नळ आणि गिझर बसवायचा. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की हातातला चहा सांडला. मग म्हणाली, “आई, त्यांनाच बोलाव ना.”

आता आपल्याकडचं. रोइंग पुण्याला नवं नाही. इथला रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ सैन्यात गेला, तिथे वल्हं हाती आलं, पुण्यात घडला, २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला जाऊन तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीतून सुवर्ण घेऊन आला. विहिरीला पाणी नसलेल्या गावचा मुलगा पाण्यावर नाव काढतो, याचा मला फार अभिमान आहे. पण मुलीला सांगायला तसं एक नाव मला महाराष्ट्रात सापडत नाही. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ यांनी दोघींच्या बोटीत कांस्य मिळवलं, त्या ओडिशाच्या. ऑलिम्पिकच्या रोइंगमध्ये भारताची मुलगी अजून उतरलेलीच नाही.

याला कारणं पुष्कळ असतील. बोटी महाग, प्रशिक्षक कमी, आमच्या नद्यांवर जलपर्णी. त्यातलं काहीही तुम्ही या महिन्यात दुरुस्त करू शकणार नाही, आणि मी ते मागतही नाही. मला फक्त एक जीआर हवा आहे. ज्या जलक्रीडा केंद्राला किंवा बोट क्लबला शासनाचा एक रुपयाही जातो, तिथे मुलींसाठी वेगळी खोली, पाणी येणारा नळ, चालू स्वच्छतागृह आणि आतून लागणारी कडी असल्याशिवाय पुढचा हप्ता सुटू नये. तपासणीला महिला अधिकारी यावी, आणि तीही आधी न कळवता. आधी कळवलं तर त्या दिवसापुरती किल्ली सापडते. मुली चारच आहेत म्हणून खोली नाही, हे उत्तर फाइलवर चालू देऊ नका. गेल्या वर्षी नऊ होत्या.

तुमच्या कार्यालयातून कुणाला पाठवायचं असेल तर शनिवारी सात वाजता पाठवा. पत्ता फोनवर सांगेन. मी शेडमागे असेन, दोन्ही हात गुंतलेले असतील, म्हणून फोन उचलायला थोडा वेळ लागेल.

आपली,
एक आई, पुणे