ड्रॉ चालला असता तरी जिंकून आले, आणि त्यांना चार ओळी?

मार्च २०२५

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी तुमचा पेपर मागून पुढे वाचतो, म्हणजे आधी खेळाचं पान, मग राशीभविष्य, मग वेळ उरला तर पहिलं पान. बुधवारी सकाळी पण तसंच केलं. चहा निवून गेला तरी शोधतोय शोधतोय, शेवटी खाली डाव्या कोपऱ्यात बोअरवेलच्या जाहिरातीवर चार ओळी सापडल्या, फुटबॉलमध्ये मुंबई सिटीने बंगळुरूला त्यांच्याच मैदानावर २-० हरवलं. गोल कुणी मारले तेवढं आहे, पण या एका मॅचमुळे मुंबई प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, गेली हे त्या चार ओळींत कुठेच नाही. म्हणजे बारशाची बातमी दिली आणि बाळाचं नावच गाळलं.

आता मला मान्य आहे, रविवारीच आपण दुबईत न्यूझीलंडला हरवून चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकलो, रोहितच्या फोटोला जागा लागणारच, मी स्वतः ती मॅच पाहताना जेवायला सुद्धा उठलो नव्हतो. आयपीएल तोंडावर आलंय, तेही समजतं. पण त्याच पानावर इंग्लंडमधल्या कुठल्यातरी कोचची नोकरी राहते की जाते यावर अर्धा कॉलम होता हो! तिथल्या फुटबॉलला जागा आहे आणि अंधेरीच्या मैदानावर खेळणाऱ्या आपल्या टीमला नाही, हे काय मला झेपलं नाही म्हणून हे पत्र. राग आहे पण भांडण नाही.

मॅच मंगळवारी साडेसातची. मी त्या वेळी बोरिवली स्लो लोकलमध्ये उभा, एक हात वर कडीला, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि पाठीवरची बॅग कुणाच्या तरी छातीवर. नेट येतंय जातंय. वांद्रे यायच्या आत छांगतेने गोल मारला. माझ्या तोंडातून नकळत ‘आलाऽ’ निघालं तर शेजारच्याने खांद्यावरून डोकावून विचारलं, स्कोर काय झाला? मी म्हटलं एक-झिरो. तो म्हणाला, अरे बापरे झिरोवर एक, कोण आऊट झाला? मी म्हटलं अहो फुटबॉल आहे, आपल्या मुंबईची टीम. त्यावर त्याने जो चेहरा केला तो मी विसरणार नाही, ‘मुंबईची टीम आहे?’

अकरावा सीझन आहे साहेब. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून ही टीम आहे. पहिल्याच सीझनला अनेल्का आणि ल्युंगबर्ग या टीमकडून खेळले, नंतर फोर्लान येऊन गेला. दोन वेळा लीग शिल्ड (लीगमध्ये पहिलं आल्याबद्दल), दोन वेळा कप (प्लेऑफ जिंकल्याबद्दल). २०२२ मध्ये रियाधला जाऊन इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. आणि अंधेरी-गोरेगाव दरम्यान राहणाऱ्या माणसाला टीम आहे हेच माहीत नाही. त्याची चूक नाही, त्याला सांगणार कोण, तुम्हीच ना.

बरं, मंगळवारचं गणित काय होतं ते तुमच्या वाचकांसाठी मीच सांगतो. तेरा टीम, प्रत्येकीच्या चोवीस मॅच. पहिल्या दोन थेट सेमीफायनलला, तीन ते सहा नंबरवाल्यांना आधी एकेक बाद फेरीची मॅच. पाच टीम आत जाऊन बसलेल्या, एक खुर्ची रिकामी. ओडिशाच्या सगळ्या मॅच संपलेल्या, ३३ पॉइंट. आपले पण ३३ पण आपली एक मॅच बाकी. ड्रॉ झाला तरी आपण आत, हरलो तर पॉइंट सारखे राहूनही ओडिशा आत. म्हणजे भुवनेश्वरची सगळी पोरं त्या रात्री बंगळुरूच्या नावाने देव पाण्यात घालून बसलेली असणार.

आणि मला खरी भीती त्या ‘ड्रॉ चालेल’चीच होती. मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे तालमीचा मामला, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, आणि शाहू स्टेडियमवर काका मला खांद्यावर बसवून न्यायचे तेव्हापासून बघत आलोय, बरोबरी चालते म्हणून जी टीम मागे सरकून बसली तिची शेवटच्या पाच मिनिटांत हमखास वाट लागते. काका गॅलरीतून ओरडायचे, ‘बरोबरीच करायची हुती तर घरातच झोपायचं की रं!’ मुंबईची अवस्था तर अशी की आधीच्याच शुक्रवारी कोचीला केरळा ब्लास्टर्सकडून १-० हरून आलेली. तीच मॅच जिंकली असती तर काम तिथेच झालं असतं, पण नाही, शेवटच्या दिवशी रात्रभर जागून अभ्यास करणाऱ्या पोरासारखं सगळं गळ्याशी आणून ठेवलेलं.

पण मंगळवारी ही टीम मागे बसली नाही. सुरुवातीलाच गोल, आणि हाफटाइमच्या आधी पेनल्टी मिळाली ती करेलिसने आत घातली. तेव्हा मी बोरिवलीला रिक्षाच्या लाइनीत होतो. नंबर आला तरी पुढे सरकलो नाही म्हणून मागच्या बाईंनी ‘चला ना काका’ केलं, मी म्हटलं पेनल्टी आहे, दोन मिनिटं. त्या पुढे गेल्या. गेलेली रिक्षा परवडली.

सेकंड हाफ घरी. पुतण्या आलेला होता, तो आणि मी टीव्हीसमोर, बायको आतून विचारतेय पोळ्या गरम करू का, दोघंही उत्तर देत नाही. २-० वर असलेल्या टीमचा सेकंड हाफ बघणं म्हणजे दूध गॅसवर ठेवून उभं राहणं, नजर हलवली की उतू जाणार असं वाटत राहतं. पण नाही गेलं. शिट्टी वाजली तेव्हा ३६ पॉइंट, सहावा नंबर, आत. कोल्हापूरहून काकांचा फोन, आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना मुंबई सिटीशी काही घेणंदेणं नाही, पण म्हणाले, ‘जिंकले न्हवं? बास.’

आता तुम्ही म्हणाल सहाव्या नंबरचं एवढं काय कौतुक. बरोबर आहे, मी काही आंधळा भक्त नाही. हा सीझन आपल्या टीमचा नव्हेच. चोवीस मॅचमध्ये २९ गोल. दोन वर्षांपूर्वी याच क्लबने वीस मॅचमध्ये ५४ मारले होते! नऊ मॅच ड्रॉ केल्या. बॉल पायात छान फिरवतात, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि गोलसमोर आले की पत्ता हरवल्यासारखं करतात. कोच पेत्र क्रॅट्की यांच्यावर सगळं ढकलणं सोपं आहे पण गेल्या वर्षीची टीमच मोडली त्याला ते काय करणार, आपुइया मोहन बागानला गेला, पेरेरा डियाझ आणि नोगुएरा बंगळुरूला गेले, आणि आपला राहुल भेके तोही बंगळुरूला.

भेकेचं मला जरा जास्तच लागलं. मुंबईचा मराठी पोरगा. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला त्यांच्याच गर्दीसमोर ३-१ हरवून कप उचलला तेव्हा कॅप्टन हाच होता. आणि गंमत अशी की २०१९ च्या फायनलला बंगळुरूसाठी गोव्याविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये गोल मारून कप जिंकून देणारा पण हाच, आणि ती फायनल कुठे, तर अंधेरीतच. म्हणजे माहेर सासर दोन्हीकडे याने दिवे लावलेत. तुमच्या पेपरने या माणसावर कधी पानभर छापलंय? मला तरी आठवत नाही, छापलं असेल तर माफी मागतो आणि कात्रण पाठवा. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला भारताकडून खेळला तेव्हा चार दिवस सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, पुढे तो कुठे खेळतो, कसा खेळतो, कुणी विचारत नाही.

असो, मुद्दा प्लेऑफचा. महिनाअखेरीला परत बंगळुरूशीच गाठ आहे, परत त्यांच्या कंटीरवा स्टेडियमवरच, कारण ते तिसरे आणि आपण सहावे, आणि वरच्या नंबरवाल्याच्या घरी मॅच होते. एकच मॅच, हरला तो घरी. मंगळवारचा निकाल तिथे कामाला येईलच असं मी म्हणणार नाही, बंगळुरू आधीच आत होतं, त्यांच्या पोटात तेवढी आग नसेल. पुढच्या वेळी असेल. शिवाय त्यांच्याकडे सुनील छेत्री आहे. चाळीस वर्षांचा माणूस, देशाकडून खेळायचं थांबवून वर्ष व्हायच्या आत परत आलाय, या महिन्यात शिलाँगला बांगलादेशविरुद्ध खेळणार आहे. हाच छेत्री २०१५ ला मुंबई सिटीकडून खेळायचा, आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला भारतीय तो मुंबईच्या जर्सीतच झाला. जो तो मुंबईहून बंगळुरूलाच का जातो देव जाणे, हवा चांगली आहे म्हणतात.

आणि कंटीरवाची आपली एक जुनी जखम आहे. १२ मार्च २०२३. शिल्ड जिंकून, लीगमध्ये सगळ्यांना चोपून आपण सेमीफायनलला गेलो, पहिली मॅच इथे ०-१ हरलो, तिकडे जाऊन २-१ जिंकलो, मग पेनल्टी. आठ-आठ झाल्या हो. नवव्याला आपल्या मेहताबची पेनल्टी त्यांचा गोलकीपर गुरप्रीतने अडवली, आणि त्याच मेहताबने त्या रात्री गोल पण मारला होता. त्यांच्या झिंगनने शेवटची आत घातली आणि ९-८ वर संपलं. मी त्या रात्री टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो, बायकोला वाटलं ऑफिसात काही झालं. मंगळवारी ११ तारखेला, म्हणजे त्या रात्रीला दोन वर्षं व्हायला एक दिवस कमी असताना, त्याच मैदानावर २-० जिंकलो, तर माझ्यासारख्याला चार ओळी पुरतील का, तुम्हीच सांगा.

आशा वेडी असते पण हिशोबात बसणारी पण आहे. २०२३ ला आपण शिल्ड जिंकून कप घालवला, २०२४ ला शेवटच्या दिवशी मोहन बागानकडून हरून शिल्ड घालवली आणि तीनच आठवड्यांत त्यांच्याकडूनच कप आणला. म्हणजे प्लेऑफमध्ये कोण कसं खेळतंय यावर सगळं. २०२३ चा कप तर तिसऱ्या नंबरवरून, बाद फेरीची जास्तीची मॅच खेळून आलेल्या टीमने उचलला. सहाव्या नंबरवरून मात्र अजून कुणाला जमलेलं नाही, तेही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं लिहिलं.

१ मार्चला मी अंधेरीला होतो. आझाद नगर मेट्रोला उतरलं की पाच-सात मिनिटांत पोचता. मोहन बागान शिल्ड आधीच खिशात घालून आलेली, त्यांचे हिरव्या-मरून शर्टातले लोक बरेच, हाफटाइमला आपण ०-२. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाला घेऊन आलेले, नातू रडकुंडीला, आजोबा म्हणतात थांब, वडापाव खाऊ मग बघू. मग आपल्या तोरालने एक मारला, आणि शेवटी शेवटी नेथनने दुसरा, २-२. वेस्ट कोस्ट ब्रिगेडची, म्हणजे आपल्या टीमच्या चाहत्यांच्या ग्रुपची, पोरं ढोल बडवत होती ती मॅच संपल्यावर पण थांबेनात, आणि तो नातू खुर्चीवर उभा राहून नाचत होता, हातातल्या वडापावाची चटणी माझ्या शर्टावर. डाग अजून गेलेला नाही. तो एक पॉइंट मिळाला नसता तर मंगळवारी ड्रॉ पण पुरला नसता, तेव्हा डाग राहू दे.

तर विनंती एवढीच. बाद फेरीच्या मॅचला बंगळुरूला एक वार्ताहर पाठवा. नाही परवडत तर निदान इथे अंधेरीत पोरं स्क्रीन लावून बघतील तिथे कुणाला तरी पाठवा. आणि मॅचच्या आदल्या दिवशी छापा की मॅच आहे, किती वाजता आहे, कुठे दिसेल. हरलो तर दुसऱ्या दिवशी तुमच्या चार ओळी मी मुकाट वाचीन, शप्पथ.

आपला,
मागून पुढे वाचणारा एक वाचक,
दहिसर (पूर्व)

ता. क. : पुतण्या म्हणतो तुमच्या पेपरात छांगतेचं नाव महिन्याभरात तीन प्रकारे छापून आलंय, त्याने तिन्ही कात्रणं कापून ठेवलीत. कुठलं तरी एक ठरवा म्हणतो, मिझोराममधल्या लुंगलेईहून एवढ्या लांब आलेल्या माणसाचं नाव आहे.