बाय, वर्ष वाया गेलं असं म्हणू नकोस

प्रिय बाय,

परवा फोनवर तू म्हणालीस, आई हे वर्ष असंच गेलं गो, माझं काहीच झालं नाही, आणि तेवढ्यात तुझा ऑफिसचा कॉल आला म्हणून ठेवलास. मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. व्हॉट्सअॅपवर टाईप करायला बसले तर संपेचना, तेव्हा बाबा म्हणाले सरळ पत्रच लिही ना. म्हणून लिहितेय. ऑफिसात वाचू नकोस, रूमवर जाऊन, जेवून, मग वाच.

इथे डिसेंबरचं नेहमीचंच चाललंय. फोंड्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही, पणजीकडे तर आम्ही फिरकतच नाही या दिवसांत. वाड्यावरच्या पोरांनी सरत्या वर्षाचा ओल्ड मॅन तयार केलाय, जुनी पँट, गवत भरलेला शर्ट, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबवून पैसे मागतात. एकतीसच्या रात्री बाराला जाळणार. पोरांची मजा आहे ती, असू दे, पण तुझं बोलणं ऐकल्यापासून मला सारखं वाटतंय की तू तुझं अख्खं वर्षच त्या ओल्ड मॅनबरोबर जाळायला काढलंयस, आत काय काय आहे ते न बघताच.

तू वर्ष मोजतेस ते कशावरून, तर मार्चमध्ये जॉब गेला, सहा महिने पगार नाही, नवीन जॉबला पगार आधीपेक्षा कमी, बॅचमधल्या कोणाची ऑनसाईट ट्रिप, कोणाचा साखरपुडा. हे सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. कंपनीने एका मीटिंगमध्ये एवढ्या जणांना घरी बसवलं तेव्हा तुझा आवाज कसा झाला होता तो माझ्या अजून कानात आहे, आणि आईला त्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. पण वर्ष म्हणजे तेवढंच नव्हतं बाय. तू इथे होतीस तेव्हा मी बघत होते ना.

पावसाच्या तोंडावर तू आलीस तेव्हा पहिले दिवस नुसती झोपून होतीस. मग पोफळींवरची बाबांची बोर्डोची फवारणी आली. फवारणाऱ्या माणसाबरोबरचा गडी आला नाही म्हणून तू उठून गेलीस, मोरचूद वेगळं भिजवलंस, चुना वेगळा, आणि दोन्ही एकत्र कसं करायचं ते बाबांना नीट विचारून घेतलंस. कोळेरोग एकदा लागला की कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडतो खाली, वर्षाचं उत्पन्न जातं, म्हणून पावसाआधी एकदा आणि मग दीड महिन्याने पुन्हा ती फवारणी चुकवायची नसते. दुसऱ्या वेळची तारीख तूच कॅलेंडरवर लिहिलीस, आणि मधे उघडीप बघून माणसाला फोनही तूच केलास. हे तुझ्या हिशोबात कुठे आहे?

आणि तो नकाशा! बाबांनी तो हॉलमध्ये लावलाय, येईल त्याला दाखवतात. इतकी वर्षं आपलं सुपारी-नारळाचं कुळागर बाबांच्या डोक्यात होतं, कुठली पोफळ कधी लावली, कुठल्या माडाला भुंगा लागतो, जायफळातलं कुठलं झाड नर आणि कुठलं मादी, सगळं डोक्यात. तू टेप घेऊन चिखलातून फिरलीस, कागदावर आणलंस. जायफळाच्या नर झाडांना निळा ठिपका, माद्यांना तांबडा. झरीपासून पाट कुठे कुठे फुटतो आणि पाणी कुठे मुरून वाया जातं तेही दाखवलंस, त्या जागा नीट केल्यापासून आता खालच्या टोकापर्यंत पाणी पोचतंय. बागायतदार सोसायटीत सुपारी घालायला गेले होते तेव्हा बाबा तिथेसुद्धा लोकांना सांगत होते, माझ्या चेडवाने केलं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. तू दिवाडी बेटावर मैत्रिणीकडे गेली होतीस, आठवतं? परत आलीस ती फेरीबोटीपासून बोलतच आलीस. मानशीबद्दल, खाडीकाठच्या खाजन शेतांच्या बांधातली ती पाण्याची दारं. भरती आली की ती लाकडी दारं पाण्याच्या दाबाने आपोआप बंद, ओहोटी लागली की आपोआप उघडी, वीज नाही मोटर नाही, आणि हे शेकडो वर्षं चालू आहे, खारं पाणी शेतात शिरत नाही आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. रात्री जेवताना तू ताटात शिताचा बांध करून कडी ओतून दाखवलीस. बांधाला भगदाड पडलं की एकाच्या नाही तर सगळ्यांच्या खाजनात खारं पाणी, म्हणून पूर्वी सगळा गाव मिळून बांध राखायचा, आणि आता कित्येक ठिकाणी राखायला कोणी नाही, हे सांगताना तुझा चेहरा जो होता ना तो मी फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदाही बघितला नव्हता. मार्क चांगले पडायचे तुला, पण असा चेहरा नव्हता.

आणि आत्ताची ही नोकरी कशी मिळाली? तूच सांगितलंस ना, त्या सरांनी आधीच्या कंपनीचं फारसं विचारलंच नाही, पाण्याच्या कामात यायचं का वाटतं एवढं विचारलं आणि तू कागद घेऊन मानस काढून दाखवलीस. म्हणजे ज्या महिन्यांना तू रिकामे म्हणतेस त्यातूनच हे काम आलंय. पगार कमी आहे, ते आहेच, पुण्यात भाडं किती ते मला माहीत आहे. पण तू सकाळी उठून कशाला जातेस ते या वर्षी बदललं, आणि ते छोटं नाही.

आता पुढचं. तू विचारलंस पाच वर्षांनी मी कुठे असेन असं तुला वाटतं. मी कशी सांगू बाय, ते मला सांगता येणार नाही आणि मी सांगूही नये. पण एक सुचवते. आमच्या टीचर्स ट्रेनिंगला एक मॅडम आल्या होत्या, त्यांनी सांगितलं आणि मग घरी येऊन मी स्वतः शोधून वाचलं. लॉरा किंग म्हणून अमेरिकेतल्या सायकॉलॉजिस्ट, त्यांनी २००१ साली एक अभ्यास छापला. कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज वीस मिनिटं लिहायला सांगितलं, की सगळं मनासारखं झालं, मेहनतीला फळ आलं, तर तुझं आयुष्य कसं असेल. ज्यांनी हे लिहिलं त्यांना साध्या विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं, आणि पाच महिन्यांनी बघितलं तर त्यांचं आजारपणही कमी होतं. मला हे पटलं, कारण डोक्यात फिरत राहणाऱ्या गोष्टीला कागदावर आणलं की ती हातात येते, तुझ्या नकाशासारखी.

पण दुसरीही बाजू आहे, ती वाचून मी जरा थांबले. गॅब्रिएल ओटिंगेन म्हणून जर्मन बाई आहेत, त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, २००२ मध्ये आला तो. चांगल्या नोकरीची गोड स्वप्नं जी मुलं जास्त बघत होती, त्यांना दोन वर्षांनी ऑफर कमी आल्या होत्या आणि पगारही कमी होता, कारण अर्जच कमी केले होते. आपल्याला जमेल असा विश्वास असणारी मुलं मात्र पुढे गेली होती. म्हणजे विश्वास वेगळा आणि स्वप्नात रमणं वेगळं. त्या म्हणतात जे हवंय ते डोळ्यासमोर आणा, पण लगेच तुमच्याच आतली कुठली गोष्ट आड येते तेही लिहा, आणि ती आड आली की मी काय करेन तेही.

तर असं कर. कुठे पोचेन, कुठली पोस्ट, किती पॅकेज, हे लिहू नकोस. पाच वर्षांनंतरचा एक साधा मंगळवार लिही. सकाळी किती वाजता उठलीस, कोणाबरोबर चहा घेतलास, कामाला कुठे गेलीस, पायात बूट होते की चिखल, दुपारी कोणाशी भांडलीस कशावरून, संध्याकाळी थकलीस ती कशाने. मग खाली लिही आड काय येतं. तुझं मी सांगते एक, रागावू नकोस, तू रात्री फोन हातात घेऊन दुसऱ्यांचं आयुष्य बघत बसतेस आणि दीड वाजता झोपतेस, मग दुसऱ्या दिवशी स्वतःचं काहीच बरं वाटत नाही. बाकीचं तुझं तुला माहीत. हायड्रॉलिक्सचं एम.टेक. करायचं मनात आहे असं एकदा ओझरतं बोलली होतीस, गेटची परीक्षा, ते खरंच हवंय की जॉब नव्हता म्हणून सुचलं होतं, तेही त्या मंगळवारात आपोआप दिसेल.

आणि हो, त्या मंगळवारात आम्हाला जबरदस्तीने घालू नकोस. हे मी बाबांशी बोलून लिहितेय. कुळागर बघायला कोण, आईबाबा एकटे, म्हणून परत यायचं असं मनात धरून काही ठरवू नकोस. तुला इथेच यावंसं वाटलं, गोव्यात पाण्याचं काम करावंसं वाटलं, तर आनंदच आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात, म्हणजे तुझ्यासारख्यांना काम भरपूर आहे इथे. पण ते तुला हवं म्हणून. माझी शाळा अजून आठ वर्षं आहे, बाबांची तब्येत ठणठणीत आहे, आणि लग्नाचं विचारणाऱ्या मावशीला मी स्पष्ट सांगितलंय की बाय स्वतः बोलेल तेव्हा बघू, तोवर विषय नको.

वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी तू जुलैत रोपं लावलीस ना, ती सगळी धरली आहेत. बाबा रोज त्यांच्याकडे बघून येतात. फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, तोवर उन्हाळ्यात पाणी आणि खत चुकवायचं नाही, एवढंच बाबा करतात, रोज उठून सुपारी लागली का बघत नाहीत.

पाडव्याला सुट्टी मिळते का बघ आणि बसचं आत्ताच बुक कर, मागच्या वेळी शेवटच्या दिवशी तिकीट किती महाग पडलं होतं. जायफळाच्या सालींचं लोणचं आणि सोलं शुक्रवारच्या बसने पाठवतेय, सकाळी लवकर उतरवून घे.

आणि एक काम आहे. झरीच्या खाली बाबांना टाकी बांधायची आहे, उन्हाळ्यात रात्रीचं पाणी साठवायला. किती मोठी, भिंत किती जाड, पाईप किती इंचाचा, सगळा हिशोब आणि ड्रॉइंग तुझ्याकडूनच हवंय. गवंड्याला फेब्रुवारीत बोलावलंय. बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय की बाहेरच्या इंजिनिअरला देतो तशी पूर्ण फी तुला देणार, तेव्हा किती ते कळव.

तुझी,
आई