आमच्याकडे सगळ्याला तारीख आहे, साहेब

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पीएचडी प्रवेश व अधिछात्रवृत्तीला तारीख नेमून देण्याबाबत

महोदय,

पीएचडी करून काय दिवे लावणार, हे विधिमंडळाच्या सभागृहात विचारून झालेलं आहे. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहीत नाही. माझं म्हणणं अगदी बारीक आहे आणि ते तारखेबद्दल आहे.

मी नाशिकची. अर्थशास्त्रात एमए केलं, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) झाले आणि आता द्राक्षबागांवर येणाऱ्या हंगामी मजुरांच्या रोजावर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर, पीएचडी करतेय. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, मग विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं), जानेवारीपासून काढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी. विरळणीचा आठवडा हुकला की पुढची विरळणी थेट पुढच्या वर्षी.

पण बागेत पोचायच्या आधी गाईड मिळावा लागतो. विद्यापीठाच्या यादीत माझ्या विषयाचे गाईड पाहिले, वहीत उतरवून घेतले आणि फोन लावत बसले. एक सर निवृत्त होऊन दीड वर्ष झालेलं, नाव मात्र तसंच. दुसऱ्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेला, म्हणजे नियमानं त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तिसऱ्या मॅडम भल्या होत्या, त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "अगं, माझ्याकडे चार आहेत, पाचवी कुठं बसवू?" २०२२च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीत प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. हा आकडा वाढवा असं मी म्हणणार नाही. सोळा विद्यार्थी सांभाळणारा गाईड फक्त सह्या करेल. पण गाईड व्हायला कायम नेमणूक लागते. मी शिकले त्या विभागात पाच जणं शिकवायची, त्यातल्या एक मॅडम तेवढ्या कायम, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. त्यातल्या दोघांची स्वतःची पीएचडी झालेली होती. वर्ग त्यांनी घ्यायचे, पेपर त्यांनी तपासायचे, पण गाईड म्हणून त्यांची गणती नाही. भरती थांबली की पीएचडीच्या जागाही त्याच दाराआड अडकतात. हे खातं तरी तुमचंच आहे.

मला गाईड मिळाला, नोंदणी झाली, कोर्सवर्क झालं, आरआरसीत, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीत, विषय मंजूर झाला. राज्याच्या एका संस्थेची अधिछात्रवृत्तीही लागली. दर यूजीसीच्या जेआरएफ या अधिछात्रवृत्तीसारखाच, म्हणजे महिना ३७,००० रुपये. रक्कम चांगली आहे, मी तक्रार करणार नाही. घरी पेढे वाटले. त्यानंतर अकरा महिने खात्यात काही आलं नाही. हिशेबानं मी ४,०७,००० रुपयांची धनीण होते आणि गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात जायला दुचाकीत पेट्रोल टाकायचं तर आईकडे हात पसरायचे. आईनं भिशीचा नंबर दुसऱ्या बाईशी बदलून घेतला आणि माझी त्या सहामाहीची फी भरली. फीला तारीख होती. ती उलटली की विलंब शुल्क.

एकदा त्या संस्थेतून फोन आला की तुमच्या उपस्थिती प्रमाणपत्रात त्रुटी आहे, समक्ष या. पहाटेची एसटी धरून पुण्याला गेले. (महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार. माझ्या संशोधनाला नियमित मिळालेलं शासकीय अनुदान आजवर तेवढंच.) टेबलावरच्या साहेबांनी कागद उजेडात धरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हा चौकोनी शिक्का आहे. गोल पाहिजे." कॉलेजचं नाव दोन्ही शिक्क्यांत तेच. मी म्हटलं, उद्या गोल मारून मेल करते. "मेल नको, हार्ड कॉपी." परत येताना चाकणला गाडी दीड तास जागची हलली नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, पुण्याला कशाला गेला होता? शिक्का चौकोनी निघाला, हे त्यांना समजावून सांगायला मला राजगुरुनगरपर्यंत वेळ लागला.

गिरणाऱ्याचा मजूर बाजार आपण पाहिला असेल. सकाळी सातला रस्त्याच्या कडेला बाया-माणसं डबे घेऊन उभी असतात, बागाईतदार गाडी थांबवून रोज ठरवतात आणि माणसं चढतात. माझी प्रश्नावली तिथंच, उभ्या उभ्या भरली जाते. पेठकडच्या एका मावशीला मी रोज विचारला, तिनं सांगितला. मग तिनं मला विचारलं, "तुला किती पडतो?" मी म्हटलं, मला महिन्यानं असतो. "मग या महिन्याचा भेटला का?" मी नाही म्हटलं. गेल्या महिन्याचा? तोही नाही. ती हसली नाही. "आम्हाला सांजच्याला हातात देतात," एवढं म्हणाली आणि डब्यातली अर्धी भाकर पुढं केली. तो कागद मी कोरा सोडलाय. त्या उत्तराला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

पैशांअभावी त्या वर्षी दोन महिने शिकवण्या घेतल्या आणि नेमकी विरळणी हुकली. माझ्या प्रबंधात त्या हंगामाची माहिती नसेल. अकरा महिन्यांची रक्कम पुढं एकरकमी आली, पण तोवर मणी केव्हाच भरले होते.

माझ्या मैत्रिणीचं तर त्याहून अवघड. तिनं जून २०२४ची नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दिली. १८ तारखेला पेपर झाला, १९ला परीक्षा रद्द. पुन्हा परीक्षा झाली, ऑक्टोबरमध्ये निकाल लागला आणि ती पीएचडी प्रवेशापुरती पात्र ठरली. ते गुण एक वर्षच चालतात. तिला हव्या त्या विद्यापीठानं तेवढ्या वर्षात प्रवेशाची जाहिरातच काढली नाही. गुण बाद झाले. आता ती सातपूरला एका कंपनीत हजेरीपट सांभाळते. तिचं काही वाईट चाललंय असं नाही, पण ती अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी खात्रीनं सांगू शकते.

आपण म्हणाल, अधिछात्रवृत्ती देणाऱ्या संस्था माझ्या विभागाकडे नाहीत. खरंय. बार्टी सामाजिक न्याय विभागाकडे, सारथी नियोजनकडे, महाज्योती इतर मागास बहुजन कल्याणकडे, टीआरटीआय आदिवासी विकासकडे. पण चौघांचे विद्यार्थी तुमच्याच विद्यापीठांत बसतात आणि त्यांच्या हजेरीचा कागद तुमच्याच महाविद्यालयांतून निघतो. तो कागद दर महिन्याला ऑनलाइन, एकाच नमुन्यात आणि एकाच शिक्क्यानं पुढं गेला, तर बाकी विभागांना त्रुटी काढायला जागा उरणार नाही. तेवढा शासन निर्णय तुमच्या सहीनं निघू शकतो. विद्यापीठांनी पीएचडीची जाहिरात दरवर्षी ठरल्या महिन्यात, नेटचे गुण जिवंत असताना काढावी, हे त्यांना लेखी कळवता येईल. आणि अधिछात्रवृत्ती महिन्याच्या अमुक तारखेला जमा होईल, नोंदणीच्या दिवसापासून धरून, हे मंत्रिमंडळात तुम्ही मांडा. प्राध्यापकांचा पगार उशिरा झाला की मोर्चा निघतो. आमचा मोर्चा काढायचा तर एसटीच्या तिकिटापासून सुरुवात करावी लागते.

सहा वर्षांत प्रबंध सादर करा, असं नियमावली मला सांगते. बाई म्हणून दोन वर्षं वाढवून मिळतात. ती तारीख मी पाळणार आहे. यंदाची गोडी छाटणी ऑक्टोबरात सुरू होईल. तेव्हा मला गिरणाऱ्याला सकाळी सातला उभं राहायचंय. त्याआधीच्या तीन महिन्यांचे पैसे अजून यायचे आहेत आणि गोल शिक्क्याचा कागद मी ऑगस्टमध्येच स्पीड पोस्टानं पाठवलाय. पोचपावती माझ्याकडे आहे.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी,
नाशिक